तुम्ही विचारलंत म्हणून: नॉर्वेचे पणजोबा सापडले कसे?

मिनेसोटात आमच्या ओळखीची मराठी मंडळी काय किंवा सासरचे लोक काय, सगळे एकच विचारतात, की तुला नॉर्वेजियन येत नाही, मग नवऱ्याचे पणजोबा तू शोधलेस कसे? तर नीट सांगते.

मी आडनावाचा नाद सोडला आणि शेत शोधलं. त्या काळी नॉर्वेच्या खेड्यांत कायमचं आडनाव नसायचंच, लार्सचा मुलगा ओले तो ओले लार्सन, आणि त्यापुढे राहत्या शेताचं नाव. आपल्याकडे गावावरून 'कर' लागतं तसंच, फक्त तिथे शेत बदललं की नावही बदलायचं. कायमचं आडनाव लावायचा कायदा झाला १९२३ साली. म्हणून अमेरिकेत आल्यावर आमच्या पणजोबांनी शेताचं नाव लावलं आणि त्यांच्या सख्ख्या भावाने वडिलांचं, आता दोघांच्या नातवंडांना एकमेकांचा पत्ता नाही.

घरात सगळे म्हणायचे की एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्कला बाहेरून आलेल्यांची तपासणी करायच्या ठाण्याच्या, कारकुनाने नाव बदललं. पण एलिस आयलंड उघडलं १८९२ मध्ये आणि हे आले १८८१ ला, तेव्हा न्यूयॉर्कला कॅसल गार्डनमध्ये उतरवायचे. आणि याद्या तर जहाज कंपनीचे लोक आधीच करून आणायचे, तिथला कारकून फक्त ताडून बघायचा.

सुरुवात अमेरिकेतूनच करा. तिकडे वसलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या लुथरन चर्चच्या वहीत बरेचदा जन्मगाव लिहिलेलं असतं. १८९० ची अमेरिकन जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी गेली, त्यामुळे मधली वीस वर्षं कोरी राहतात, तिथे होमस्टेडची, म्हणजे सरकारने वसायला दिलेल्या जमिनीची, फाइल कामी येते. १८६२ च्या कायद्याने १६० एकर मिळायचे, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसली तर नावावर. ती फाइल मी अक्षरशः छातीशी धरली हो! घर केवढं, किती एकर नांगरले, साक्षीला कोण शेजारी, सगळं आहे त्यात, आणि नागरिकत्वाच्या कागदावर त्यांनी 'स्वीडन आणि नॉर्वेच्या राजा'शी निष्ठा सोडल्याचं लिहून दिलंय, कारण १९०५ पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच होता. साक्षीदार शेजारी जरूर शोधा, ते बरेचदा त्याच खोऱ्यातले निघतात, आम्हाला नॉर्वेतल्या गुडब्रान्सडाल खोऱ्याचा धागा तिथेच मिळाला.

मग नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराची डिजिटालआर्किवेट ही साइट, पूर्ण फुकट. चर्चच्या वह्या स्कॅन केलेल्या आहेत, जन्म, लग्न, गाव सोडून गेलेल्यांची यादी, देवीची लस कधी टोचली तेसुद्धा. अक्षर जुनं गॉथिक, पण नावं आणि महिने तेच तेच येतात, बघून बघून डोळा बसतो. क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आताच्या ऑस्लोच्या, पोलिसांकडे देश सोडणाऱ्यांची नोंद १८६७ पासून आहे, पणजोबा तिथे सापडले. बहुतेकांचा रस्ता ठरलेला, बोटीने इंग्लंडमधलं हल बंदर, तिथून रेल्वेने लिव्हरपूल आणि मग मोठं जहाज.

बरेच लोक जहाजाचं नाव मिळालं की थांबतात. मला विचाराल तर खरी गोष्ट १८६५ च्या जनगणनेत आहे, कारण त्यात माणसांबरोबर जनावरं आणि पेरणीही मोजली होती. पणजोबांच्या वडिलांपुढे लिहिलंय 'हुसमान', म्हणजे दुसऱ्याच्या शेतात खोपटं आणि जमिनीचा तुकडा, त्याबदल्यात मालकाकडे राबायचं. एक गाय, थोड्या मेंढ्या, थोडं बार्ली आणि बटाटे, आणि खाणारी तोंडं सात. हे वाचलं तेव्हा मी रडले, खरंच. १८२५ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगरहून अमेरिकेला वसायला जाणाऱ्यांचं पहिलं जहाज निघालं आणि पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर लोक गेले ते का, ते त्या एका ओळीत कळतं. अशा घरातल्या पोराला १६० एकर स्वतःचे म्हणजे काय वाटलं असेल!

तुमच्या शोधात एखादं पान लागत नसेल तर त्याचा फोटो पाठवा, अक्षर लावायला मी बसते तुमच्याबरोबर.