शेपटीला नांगर

१७ मे, रात्री

काल ट्रॅक्टरखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता. सकाळी त्यावर रुपयाएवढा तेलाचा डाग. क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स जिथं बोल्टनं जोडलेत, बरोबर त्या सांध्याखाली. पोटात गोळा आला.

कारण माझं मलाच ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात जुना मिनी बॅकहो आणला, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडायचा खोदाईचा हात, साडेतीनशे किलोचा. नांगर जिथं अडकवतात त्या मागच्या तीन पॉइंटला सरळ अडकवला आणि मोसंबीत ठिबकच्या पाइपसाठी चारी खोदायला लागलो. वरची दोन फूट काळी माती लोण्यासारखी निघाली. खाली मुरूम लागला, बकेट अडकली, आणि बॅकहोचं धूडच खालून उचलून सीटकडं यायला लागलं. लिव्हर सोडला म्हणून वाचलो. घरात हे सांगितलेलं नाही.

जेसीबी लावला असता तर दोन तासांचं काम. पण ओळी अठरा फुटांच्या असल्या तरी झाडांचा घेर वाढल्यावर मधे आठ फूटही राहत नाहीत. गेल्या वर्षी दोन झाडांच्या फांद्या गेल्या त्यात. आपला २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर मात्र मधून आरामात जातो.

आबांनी डाग बघितला, बॅकहो बघितला. म्हणाले, "नांगर जुवाला बांधतेत का बैलाच्या शेपटीला?"

चिडलो, पण मुद्दा तोच. ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, असे बिडाचे डबे एकामागं एक आवळलेले असतात आणि तीच त्याची पाठ. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, शेजारचा जिल्हा नव्हे.) नांगर ओढताना ट्रॅक्टर पुढं चालत असतो. बॅकहो उभ्या ट्रॅक्टरची पाठ मधोमध मोडायला बघतो. आणि बीड वाकत नाही, तडकतं.

२१ मे

जालन्यातून चॅनल, म्हणजे पन्हाळीसारखी लोखंडी तुळई आणली, चार बाय दोन इंची, मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास. सळईच्या गिरण्यांचं गाव, लोखंडाला तोटा नाही. प्लेटा बारा एमएमच्या. बोल्ट डोक्यावर ८.८ लिहिलेलेच घेतले. दुकानदार साधे ४.६ देत होता, म्हणे काय फरक पडतो. ताणाला निम्मे पडतात, हा फरक.

बेत असा: ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगांनी पोटाखालून एकेक चॅनल. मागं एक्सलच्या हाउसिंगला, पुढं इंजिनासमोरच्या ब्रॅकेटला. बॅकहो या सांगाड्यावर बसेल, म्हणजे त्याचा ताण चॅनलमधून जाईल, गिअरबॉक्समधून नाही. पुढचं टोक मी आधी पुढच्या एक्सललाच बांधणार होतो. वेल्डिंगवाल्या चाचांनी हात धरला. "भाऊ, तो एक्सल पिनवर डुलतो. बांधला तर बांधावर एक चाक हवेत राहील." चाचा तीस वर्षं ट्रॉल्या जोडतायत, शाळा चौथी.

ट्रॅक्टरला कुठंही वेल्डिंग नाही, सगळं बोल्टवर, ही अट मात्र माझी.

२३ मे

आजचा दिवस वाया. वाया कसला, शिकलो.

सांगाडा ट्रॅक्टरवर लावूनच टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके मारले. बॅटरीच्या तारा सोडल्या, अर्थिंगचा चिमटा थेट चॅनलला लावला, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरून त्याला खड्डे पाडतो. इथवर शहाणपणा. मग सांगाडा खाली काढला आणि लाइट जायच्या आत उरकायचं म्हणून चाचांना घाई केली. एका अंगाचं वेल्डिंग सलग ओढून घेतलं. थंड झाल्यावर परत चढवायला गेलो तर मागच्या प्लेटेची भोकं सहा एमएमनं सरकलेली. लोखंड थंड होताना आवळतं आणि ज्या अंगाला वेल्डिंग जास्त त्या अंगाला ओढतं. गुण्या लावला तर काटकोन कुठल्या कुठं.

भोकं मोठी करू म्हणालो. चाचा बोललेच नाहीत, ग्राइंडर उचलला आणि सांधा कापायला लागले. भोक मोठं म्हणजे बोल्ट हलणार, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्यांदा सांगाडा जाड गर्डरला क्लॅम्पनं जखडला. दोन इंच इकडं, दोन इंच समोर, मधे चहा. रात्री अकरा वाजले. या वेळी भोकात बोल्ट बोटानं फिरला.

२६ मे

चारी चालू. मुरुमात बकेट अडकली तेव्हा मी डोळे मिटले, खोटं कशाला लिहू. बॅकहोचे टेकू-पाय जमिनीत रुतले, अख्खा ट्रॅक्टर वीतभर मागं ओढला गेला. पण एकसंध. सीटकडं काही आलं नाही. संध्याकाळपर्यंत साठ फूट झाली.

एक चूक राहिलीच. इंजिन ऑइल काढायचा नट आता चॅनलच्या आड गेलाय, पाना बसत नाही. भोक पाडावं लागणार. चाचांना अजून सांगितलं नाही, हसतील.

सकाळी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटेवर खडूची रेघ मारून ठेवली होती. काम संपल्यावर टॉर्च घेऊन खाली शिरलो. सगळ्या रेघा जागेवर, डाव्या एक्सलचा मागचा बोल्ट तेवढा गव्हाएवढा सरकलाय. तो कसून घेतला, नवी रेघ मारली. सांध्याखाली नवा पुठ्ठा ठेवलाय.