आमची वाटचाल: माउंटखाली दडलेले एकोणीस दिवस

बेळगावातल्या शहापुरात एका खोलीत आम्ही सुरुवात केली, तेव्हा यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या, प्रिंटर दुरुस्त करायचे, उद्यमबागेतल्या फाउंड्रींचं बिलिंग लावून द्यायचं, एवढंच काम होतं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं आणि पतसंस्थांच्या पासबुकांवरचे, पावत्यांवरचे पत्ते बदलायचं काम हाती आलं. त्या निमित्तानं त्यांच्या सर्व्हरच्या खोलीत शिरलो, ते तिथंच राहिलो. मराठी आणि कन्नड, दोन्हीतले रिपोर्ट नीट छापून देणारं कुणीतरी त्यांना हवंच होतं.

पण आमच्या कामाला आजचं वळण लागलं ते एका पावसाळ्यात, खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत. तिकडं जुलैत लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही. लिनक्सचा सर्व्हर, पोस्टग्रेसचा डेटाबेस, आणि बॅकअपसाठी पलीकडच्या खोलीत नॅसचा डबा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली साठवायच्या डिस्का. त्यावरचा फोल्डर एनएफएसनं, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून घ्यायच्या पद्धतीनं, सर्व्हरवर माउंट केलेला, म्हणजे सर्व्हरच्याच एका फोल्डरच्या जागी दिसेल असा जोडलेला. रोज डे-एंडनंतर, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद झाल्यावर, मॅनेजरांच्या मोबाईलवर ‘बॅकअप पूर्ण’ असा मेसेज जायचा. तो आम्हीच लावून दिला होता.

एका सकाळी डेटाची डिस्क गेली. नवी बसवली, सर्व्हर चालू केला, नॅसवरची शेवटची फाइल घेऊन रिस्टोअर लावला. एकही एरर आला नाही. मॅनेजर अण्णांनी एक पिग्मी खातं उघडलं आणि म्हणाले, “दादा, ही शिल्लक एकोणीस दिवसांमागची आहे.”

पिग्मी म्हणजे भाजीवालीचे, पानपट्टीवाल्याचे रोजचे पैसे. एजंट बाहेर बाकावर येऊन बसले होते. “यांना काय सांगू मी?” एवढंच अण्णा विचारत होते. तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

तासभर आम्ही नॅस उलटापालटा केला. तिथं पुढच्या तारखांचं काहीच नव्हतं. मग आमच्याकडं नुकतीच लागलेली कंग्राळीची मुलगी म्हणाली, “काका, माउंट काढून खाली बघू या का?” काढलं. जो फोल्डर रिकामा असायला हवा, त्यात ओळीनं एकोणीस फाइली!

लाईट परत आली त्या दिवशी सर्व्हर आधी उठला होता, नॅस मागाहून. माउंट लागलंच नाही. पण ज्या फोल्डरवर माउंट लागतं तो सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर असतोच, आणि स्क्रिप्ट त्यातच लिहीत राहिली. तिच्या लेखी बॅकअप झाला होता. डिस्क बदलल्यावर मात्र नॅस आधीच चालू होता, माउंट बिनचूक लागलं आणि खालच्या फाइली झाकल्या गेल्या, सतरंजीखाली चिल्लर दडावी तशा. सिस्टिमची डिस्क वेगळी होती म्हणूनच त्या वाचल्या. नाहीतर छापील रोजकीर्दींवरून एकेक नोंद पुन्हा भरावी लागली असती.

त्याच आठवड्यात आम्ही सगळ्या संस्थांची स्क्रिप्ट बदलली. आधी माउंट खरंच लागलंय का ते तपासायचं, नसेल तर थांबून आम्हाला फोनवर कळवायचं. खालचा रिकामा फोल्डर कुलूपबंद, म्हणजे चुकूनही त्यात लिहिता येऊ नये. शिवाय सगळीकडं ‘हार्ड’ माउंट, म्हणजे नॅस परत येईपर्यंत प्रयत्न करत राहणारं. ‘सॉफ्ट’ माउंट नेटवर्क अडखळलं की काही प्रयत्नांनंतर हात वर करतं, आणि स्क्रिप्टनं तो एरर पाहिलाच नाही तर अर्धवट फाइल पूर्ण म्हणून राहते.

निपाणीला वेगळंच घडलं. जुना सर्व्हर सेंटओएसचा, नवा उबंटूचा, दोन्ही लिनक्सचेच प्रकार. फाइल समोर दिसते, पण रिस्टोअर म्हणतो परवानगी नाही. एनएफएस नेहमीच्या पद्धतीत नाव बघत नाही, युजरचा नंबर बघतो. सेंटओएसवर पोस्टग्रेसच्या युजरचा नंबर २६, उबंटूवर दुसराच. रूट, म्हणजे सर्व्हरचा सगळे अधिकार असलेला युजर, होऊनही उपयोग नाही, कारण नॅस रूटला परका समजतो. नंबर जुळवले, दहा मिनिटांत काम झालं. पण शोधायला दुपार गेली.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक संस्थेचा बॅकअप आम्ही आमच्या वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करतो आणि त्याची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा गोषवारा, संस्थेच्या त्याच दिवसाच्या तेरजेशी ताडून बघतो. याचे वेगळे पैसे घेत नाही. चिकोडीकडच्या दोन नव्या संस्थांत अजून जुन्याच पद्धतीचं माउंट आहे. पाऊस जोर धरायच्या आत ते बदलायचंय. येत्या सोमवारी आम्ही तिकडंच आहोत.