जावर : मुशींच्या भिंतींचं गाव

उदयपूरला गेलं की लोक पिचोला, सिटी पॅलेस, फारतर कुंभलगड करून परत येतात. आम्हीही ते सगळं केलं, पण मला खरं जायचं होतं ते जावरला. शहराच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटर, अरवलीच्या टेकड्यांमध्ये जस्ताच्या खाणी आहेत आणि आजही चालू आहेत. सोबत आई होती. खाण काय बघायची असं आधी म्हणाली, पण तिचे वडील ओतारी, घरात पितळेचं ओतकाम चालायचं, त्यामुळे जस्ताचं नाव काढल्यावर लगेच तयार झाली.

जावर मातेचं दर्शन घेऊन पुढे चालायला लागलो तर जिकडेतिकडे राखेचे आणि फुटक्या मातीच्या नळकांड्यांचे ढीग. आणि भिंती! अख्ख्या भिंती त्याच नळकांड्या एकावर एक रचून बांधलेल्या. जवळ जाऊन बघितलं तर बाहेरून काचेसारखी चकाकी आलेली, इतक्या त्या भाजल्या गेल्यात. आई म्हणाली, "अगं, ह्या तर मुशी आहेत!" मूस म्हणजे धातूचं काम करताना भट्टीत तापवायचं मातीचं भांडं.

तांबं, शिसं, लोखंड ह्यांचा दगड आणि कोळसा भट्टीत घातला की धातू खाली मिळतो. जस्ताचं तसं होत नाही. त्याच्या दगडात गंधक असतं, ते आधी भाजून घालवायचं, मग उरलेल्या भस्मातला ऑक्सिजन कोळशाने ओढून घ्यायचा, आणि त्यासाठी लागते १००० अंशांच्या वरची उष्णता. पण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, म्हणजे सुटतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागली की परत पांढरं भस्म. म्हणून लोक हजारो वर्षं पितळ वापरत होते, जस्ताचा दगड आणि कोळसा तांब्यासोबत बंद मुशीत तापवून ती वाफ तांब्यात मुरवायचे, पण नुसतं जस्त हातात येणं महाकठीण.

हे मी आईला सांगत होते तर ती मधेच म्हणाली की पितळ ओतताना तो पांढरा धूर यायचा, कापसासारखा उडायचा, आणि कधीकधी आजोबांना रात्री ताप भरायचा. तोच धूर! पुस्तकात वाचलेलं आईच्या माहेरच्या अंगणात होतं आणि मला माहीतच नव्हतं.

जावरच्या लोकांनी मूसच उलटी केली. वांग्यासारखी लांबट मूस, आत माल भरायचा, तोंडातून एक काडी खुपसायची म्हणजे उलटी केल्यावर माल पडत नाही आणि काडी जळली की वाफेला वाट मिळते. अशा ३६ मुशी भोकं असलेल्या जाड विटांवर उपड्या लावायच्या, वरच्या खणात जाळ, खालचा खण थंड. वाफ वर न जाता खाली उतरते आणि हवा लागायच्या आत थिजते. 'रसरत्नसमुच्चय' ह्या जुन्या संस्कृत ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या मुशीचं वर्णन आहे, पण कितीतरी लोक ते कल्पनाच समजले असते जर १९८३ मध्ये इथे अख्खी भट्टी जशीच्या तशी सापडली नसती. बडोद्याचं विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक ह्यांनी मिळून ते उत्खनन केलं. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलला जस्ताचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये, तेही खाली वाफ उतरवूनच, आणि इथे त्याच्या कितीतरी शतकं आधी हे काम कारखान्यासारखं चालू होतं. शाळेत आम्हाला धातू-अधातूचा धडा होता, त्यात जावरचा ज सुद्धा नव्हता, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

आई बराच वेळ एका भिंतीपाशी उभी होती. किती जणांनी भाजलं असेल गं हे, एवढंच म्हणाली.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, ऊन फार लागतं, पाणी सोबत ठेवा. आणि मुशीचा तुकडा आठवण म्हणून उचलून आणू नका प्लीज, ते ढीग तिथेच राहू देत.