लाल टेलिफोन बूथच्या मुळाशी

लंडनच्या ज्या लाल टेलिफोन बूथसमोर छायाचित्र काढून घेण्यासाठी पर्यटक रांग लावतात, त्याच्या घुमटाचे मूळ एका समाधीत आहे असे कळल्यापासून ती समाधी पाहण्याची ओढ मला लागली होती. त्यामुळे या खेपेस किंग्ज क्रॉस स्थानकावर उतरल्यावर मी आधी सेंट पँक्रास ओल्ड चर्चच्या बागेची वाट धरली.

बँक ऑफ इंग्लंडची इमारत घडवणारे वास्तुविशारद सर जॉन सोन यांची पत्नी १८१५ मध्ये वारली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तिच्यासाठी येथे हे स्मारक उभारले. १८३७ मध्ये त्यांचेही दफन येथेच झाले. चारही बाजूंना कमानदार कपाळपट्टी आणि तिच्यावर बसका घुमट अशी त्याची ठेवण आहे. खालचा भाग हाताने झाकून मी केवळ माथा पाहिला, तेव्हा समोर दगडातला टेलिफोन बूथच उभा होता. १९२४ मध्ये बूथच्या रचनेसाठी स्पर्धा झाली आणि तीत निवड झालेले जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हे सोन यांच्या संग्रहालयाचे विश्वस्तही होते, हे लक्षात घेतले की हे साम्य योगायोगाचे वाटत नाही.

तेथून पिकॅडिली लाइनने मी कॉव्हेंट गार्डनला गेले. ब्रॉड कोर्ट या गल्लीत स्कॉट यांच्या त्या निवड झालेल्या रचनेचे, म्हणजे ‘के-टू’ नमुन्याचे पाच बूथ एका ओळीत उभे आहेत आणि त्यांना वारसा वास्तू म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. बिडाच्या भिंतीवर बोटाने टकटक केली, तर जाड धातूचा आवाज आला. वर उठावात कोरलेला राजमुकुट आहे. त्यातली बारीक छिद्रे मी आधी निव्वळ नक्षी समजत होते, पण ती आत हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेली आहेत. शोभेच्या चिन्हाला असे कामाला लावणे मला फार आवडले. हा नमुना महाग पडत असल्याने तो मुख्यतः लंडनपुरताच राहिला. देशभर पसरला तो राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ मध्ये आखलेला, आकाराने लहान असा ‘के-सिक्स’. त्याचे सुमारे ६०,००० बूथ उभे राहिले.

आपल्याकडच्या एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या मला तेथे तीव्रतेने आठवल्या. रात्री दर उतरण्याची वाट पाहत आपण ज्या काचेच्या खोपट्याबाहेर ताटकळलो, त्यातले एखादे तरी जसेच्या तसे जपायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

शेवटी मी पिकॅडिलीवरील बर्लिंग्टन हाउस गाठले. रॉयल अकॅडमीच्या या वास्तूच्या प्रवेशकमानीत स्कॉट यांचा मूळ नमुना आजही उभा आहे. बाहेरून रुपेरी आणि आतून हिरवट निळा, असा रंग त्यांनी सुचवला होता. पोस्ट खात्याने मात्र दुरून दिसावा म्हणून लाल निवडला. प्रदर्शनाला निघालेली माणसे त्याच्याकडे न पाहताच पुढे जात होती. मी जवळ जाऊन ब्रॉड कोर्टमधल्यासारखीच हलकेच टकटक केली. या वेळी आवाज लाकडाचा आला.