एकच सही, दोन कागदांवर

आंबा पल्पच्या एका कारखान्याचे आयएसओ २२००० चे, म्हणजे अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचे, सर्टिफिकेट सस्पेन्ड झाले आणि त्यांनी अपील केले. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या अपील समितीत आम्ही तिघे होतो. तिघांचाही त्या ऑडिटशी किंवा निर्णयाशी संबंध नव्हता. अशा संस्थांसाठीच्या आयएसओ १७०२१-१ या मानकाची ती अटच आहे.

मूळ तक्रार खरेदीदाराची: डबे फुगले. तक्रार सर्टिफिकेटच्या कक्षेतली आहे याची खात्री करून कारखान्याला कळवले गेले आणि अल्प सूचनेवर ऑडिट झाले. दोन मेजर एनसी (नॉनकन्फॉर्मिटी), म्हणजे मोठ्या त्रुटी, निघाल्या.

कारखान्याचे म्हणणे असे की, पल्पच्या आम्लाने पत्रा खाल्ला, हायड्रोजन सुटला, दोष डबेवाल्याचा. असे होते खरे, पण सहसा त्याला बरेच महिने लागतात. हे डबे भरून नऊच आठवडे झाले होते. शिवाय लॅबच्या अहवालात मिश्र जिवाणू होते, त्यांत उकळत्या पाण्यात सहज मरणारेही. ते शिजवल्यानंतरच आत गेले असणार. डबा थंड होताना आत निर्वात होते आणि सीम, म्हणजे डब्याला झाकण जोडणारी दुमड, ढिली असली की बाहेरचे पाणी ओढले जाते.

तरी अपिलात पुन्हा ऑडिट करायचे नसते. निर्णय पुराव्यावर उभा आहे का आणि तो रीतीने झाला का, एवढेच बघायचे.

पहिली एनसी भक्कम होती. दर चार तासांनी सीमरच्या, म्हणजे झाकण बसवणाऱ्या यंत्राच्या, प्रत्येक हेडचा एक डबा कापून बॉडी हुक आणि कव्हर हुक (डब्याच्या आणि झाकणाच्या पत्र्याच्या एकमेकांत अडकलेल्या कडा) मोजायचे, असे त्यांच्याच प्लॅनमध्ये लिहिलेले. अकरा शिफ्टचे आकडे मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तंतोतंत सारखे. सीमिंगचे रोल झिजतात, डब्यागणिक थोडा फरक पडतोच. असे आकडे मोजून येत नाहीत. दुसऱ्या एनसीत फक्त ‘ट्रेसेबिलिटी कमकुवत’, म्हणजे माल कुठून आला, कुठे गेला याचा माग नीट लागत नाही, एवढेच. ना लॉट नंबर, ना कुठल्या रेकॉर्डचा उल्लेख. अशा वाक्याला कारखाना उत्तर तरी काय देणार?

मग ओपनिंग मीटिंगचा हजेरीपट उघडला. सीमिंगचे तांत्रिक तज्ज्ञ म्हणून जे ऑडिटला गेले होते, त्यांचीच सही सस्पेन्शनच्या निर्णयपत्रावर होती. ऑडिट करणाऱ्याने निर्णय घ्यायचा नाही. त्यांचा हेतू चांगलाच होता, सीम त्यांच्याइतकी कुणाला कळत नव्हती, पण नियमाला त्याने फरक पडत नाही. कारखान्याची चूक दिसत असूनही आम्ही अपील मान्य केले आणि तो निर्णय रद्द केला.

फाइल नव्या निर्णयकर्त्याकडे गेली. त्यांनी पहिली मेजर कायम ठेवली, दुसरी पुराव्याअभावी काढली आणि सर्टिफिकेट पुन्हा सस्पेन्ड केले. कारखान्याला कारणांसह लेखी कळवले, तक्रारदारालाही निकाल दिला. अपील केले म्हणून पुढच्या ऑडिटमध्ये कारखान्याला वेगळी वागणूक मिळता कामा नये, हेही फाइलवर नोंदवले.

आता निर्णयाच्या फॉर्मला ऑडिटचा हजेरीपट जोडल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.