चौदा ऑक्टोबर की चौदा डिसेंबर?

एप्रिल 2019 चा पगार 12,000 रुपयांनी कमी आला. पे स्लिप काढली, तर नावावर 1,36,452 रुपयांचं डेबिट. मी तेव्हा फौजेत हवालदार होतो. नोकरीला 19 वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत स्लिपचा शेवटचा आकडा सोडून मी काही वाचलं नव्हतं. कंपनी क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, "ग्लेशियरचं जास्त गेलं होतं तुम्हाला, तेच परत घेतायत." मी मान हलवून परत आलो, पण रात्री झोप लागेना.

त्याचं म्हणणं निम्मं खरं होतं. 12 सप्टेंबर 2018 ला मी सियाचिन ग्लेशियरच्या पोस्टवर चढलो आणि 14 डिसेंबरला उतरलो. सियाचिन भत्ता जवान आणि जेसीओंना, म्हणजे नायब सुभेदार-सुभेदारांना, महिना 14,000 होता, तो जुलै 2017 पासून 30,000 झाला. खाली आल्यावर 16 डिसेंबरपासून 60 दिवसांची रजा, आणि रजा संपली की पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, बदली. म्हणजे 14 डिसेंबरनंतर माझा भत्ता बंद व्हायला हवा होता. तो फेब्रुवारीअखेर येत राहिला. मी गावी, खानापूर तालुक्यात, विहिरीपासून उसापर्यंत पाइपलाइन टाकत होतो. पैसे जमा झालेले दिसले. वाटलं, मागची काही थकबाकी असेल. विचारलं नाही, पाइप घेतले. ही चूक माझी.

त्या रात्री वही घेऊन बसलो. डिसेंबरचे उरलेले 17 दिवस, पूर्ण जानेवारी, पूर्ण फेब्रुवारी: 76,452 रुपये. हे मी देणं लागत होतो. पण डेबिट होतं 1,36,452 चं. वजाबाकी केली, फरक बरोबर 60,000. एक रुपया इकडे नाही, तिकडे नाही. फरक असा गोल येतो तेव्हा बेरीज चुकलेली नसते, दोन महिने चुकलेले असतात. कुणीतरी मला 14 ऑक्टोबरलाच खाली उतरवलं होतं.

फौजेबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. जवानाचा पगार युनिट काढत नाही. युनिट फक्त घटना छापतं: अमका रजेवर गेला, तमक्याचं लग्न झालं, तो या तारखेला पोस्टवर चढला, त्या तारखेला उतरला. या छापील नोंदीला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती पे अकाउंट्स ऑफिसला जाते, आणि तिथे प्रत्येक जवानाच्या स्वतंत्र खातेवहीत तिच्यावरून रक्कम चढते किंवा उतरते. हे ऑफिस लष्कराचं नाही, संरक्षण लेखा विभागाचं. तिथली माणसं मुलकी, आणि त्यांच्यावर दिल्लीतले कंट्रोलर जनरल. ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या हातात पैशाची वही नाही, अशी ही रचना आहे. हे मला आज नीट कळतं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की माझे साठ हजार गेलेत आणि कुणाकडे जायचं ते ठाऊक नाही.

स्लिपवर ऑर्डरचा नंबर होता. जुन्या युनिटच्या हेड क्लार्क साहेबांना फोन लावला. राम राम झाला, नंबर सांगितला. त्यांनी फाइल काढून वाचून दाखवलं: सियाचिन भत्ता बंद, 14 ऑक्टोबर 2018 पासून. ऑर्डर छापलेली मार्च 2019 मध्ये, म्हणजे आधीच तीन महिने उशिरा. मी म्हटलं, "साहेब, माझ्या रजेची ऑर्डर पण बघा की." कागद चाळल्याचा आवाज आला. रजा 16 डिसेंबरपासून. ती तारीख बरोबर होती.

ते दोन कागद एकाच फायलीत होते. एक म्हणतो हा ऑक्टोबरात उतरला, दुसरा म्हणतो डिसेंबरात रजेवर गेला. मधले दोन महिने हा माणूस कुठे होता, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. दोन्हींवर सही होती, नमुना बरोबर होता, नंबर क्रमाने होते. तपासणी म्हणजे एवढंच झालं होतं. तो नोव्हेंबर मी कुठे होतो ते माझ्या बोटांना माहीत आहे. चिलब्लेनने, म्हणजे थंडीच्या सुजेने, ती सुजली होती आणि बुखारीजवळ, म्हणजे आमच्या शेगडीजवळ, धरली की आग व्हायची.

फोन ठेवण्याआधी साहेब म्हणाले, "हवालदार, या ऑर्डरमध्ये तुम्ही एकटे नाही. नऊ जण आहात."

त्यानंतर हे प्रकरण माझ्या एकट्याचं राहिलं नाही. आठही जणांचे नंबर मिळवले. तिघांनी स्लिप उघडूनही पाहिली नव्हती. एका पोराचं म्हणणं, "सरकारी हिशोब आहे दादा, बरोबरच असणार." दुसऱ्याला वाटत होतं, पोस्टवर काही सामान हरवलं त्याची ही भरपाई. आणि एक जण मार्चअखेर निवृत्त झाला होता. त्याच्या शेवटच्या हिशोबातून सगळी रक्कम एकदम वळती झाली होती.

नियम असा की ज्या युनिटने ऑर्डर छापली, त्यानेच ती दुरुस्त करायची. मी नव्या युनिटमध्ये. त्यामुळे माझा अर्ज कंपनी कमांडरमार्फत वर, तिथून जुन्या युनिटकडे. सोबत रजेच्या प्रमाणपत्राची प्रत, पोस्टवरून उतरलेल्यांची यादी आणि उपचाराच्या नोंदीचा उतारा जोडला. मे महिना पत्रांत गेला. जूनमध्ये युनिटने तारीख दुरुस्त केल्याची ऑर्डर पाठवली, ती नामंजूर होऊन आली. कारण एका ओळीचं: नुसती दुरुस्ती चालणार नाही, आधीची ऑर्डर रद्द करा, मग योग्य तारखेची नवी छापा. तोवर दरमहा 12,000 जातच होते.

जूनअखेर चार दिवसांची रजा घेऊन मी स्वतः पे अकाउंट्स ऑफिस गाठलं. भांडायच्याच तयारीने गेलो होतो. समोर एक ऑडिटर बाई होत्या. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, खातं उघडलं आणि एकेक नोंद वाचून दाखवली. मी रजेचा कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, "तुमचं खरं आहे हे मला दिसतंय. पण तुम्ही आणलेल्या कागदावर मी एक रुपयासुद्धा हलवू शकत नाही. मोठे साहेब आले तरी नाही. युनिटची ऑर्डर लागेल." मला राग आला. बाहेर चहा पिताना तो उतरला. माझ्या हातच्या कागदावर साठ हजार जमा होणार असतील, तर उद्या कुणाच्याही हातच्या कागदावर कुणाचेही जातील. मग परत आत गेलो आणि रद्द करायच्या ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहायचं ते त्यांच्याकडून उतरवून घेतलं. मूळ ऑर्डरचा नंबर, वर्ष, नऊही नावं. तिथूनच हेड क्लार्क साहेबांना फोनवर अक्षर न् अक्षर सांगितलं.

जुलैमध्ये दोन्ही ऑर्डरी मंजूर झाल्या. ऑगस्टच्या स्लिपवर 60,000 जमा. तोवर 48,000 कापून झाले होते, म्हणजे माझ्या खऱ्या देण्यातले 28,452 उरले. ते ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये गेले. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, ते माझे नव्हतेच.

देशाचे महालेखापरीक्षक संरक्षण खर्चावर अहवाल देतात, तो संसदेत ठेवला जातो आणि लोकलेखा समितीपुढे जातो. पण त्या अहवालात हवालदाराचे साठ हजार दिसत नाहीत. ते दिसतात फक्त त्याच्या स्वतःच्या स्लिपवर. म्हणून हल्ली यात्रेला पोरं रजेवर आली की मी स्लिप मागतो. भत्ता कुठल्या तारखेपासून, कुठल्या नंबरवर, चढलास कधी, उतरलास कधी. तारखा स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवायला लावतो.

सप्टेंबरमध्ये जुन्या युनिटच्या एका क्लार्कचा फोन आला. पोरगा 23 वर्षांचा. म्हणाला, "दादा, ती ऑर्डर मीच टाइप केली होती. बाराच्या जागी दहा पडले." बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आता भत्ता बंद करायची ऑर्डर सहीला नेताना तो रजेची ऑर्डर शेजारी ठेवतो आणि दोन्ही तारखांखाली पेन्सिलीने रेघ मारतो.

निवृत्त झालेल्याचं तेवढं लांबलं. त्याचं खातं बंद झालेलं, ते पुन्हा उघडावं लागलं. 60,000 त्याच्या बँकेत आले ते जानेवारी 2020 मध्ये. त्या दिवशी त्याने आठही जणांना एकेक करून फोन केला.