गाडीला साउंड बसवताय? आधी बॅटरी बघा

आज दुपारी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका १२५ सीसी गाडीवर "५०० वॉट" लिहिलेला सेट बसवताना पाहिला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, आरएमएस विचारा, म्हणजे सेट सलग देऊ शकतो ती खरी ताकद. ५० वॉट आरएमएसचा क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप्लिफायर पूर्ण आवाजात १२ व्होल्टवर साधारण ५ अँपिअर ओढतो. अशा गाड्यांची बॅटरी बहुतेक ३ ते ५ अँपिअर-अवरची, म्हणजे ५ अँपिअर ओढले तर जेमतेम तासभराची. सिग्नलला इंजिन मंद फिरतं तेव्हा चार्जिंग कमी, त्यात हेडलाइट चालू. बॅटरी उतरते आणि सकाळी सेल्फ लागत नाही. लहान गाडीला २०-३० वॉट पुष्कळ झाले.

वायरिंगमध्येच खरी गडबड होते. हेडलाइटच्या वायरीतून सप्लाय कधीच घेऊ नका! बॅटरीच्या प्लसवरून वेगळी १.५ चौ. मिमी वायर काढा, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत ७.५ अँपिअरचा फ्यूज टाका आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) चावीच्या लाइनवर घ्या, म्हणजे गाडी बंद की सेट बंद. अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला द्या. रंगावर स्क्रू मारून अर्थ घेतला की इंजिनबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते.

स्पीकर ३ किंवा ४ इंची, त्याचा कोन (आतला थरथरणारा पडदा) पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा, कागदी नको. पहिल्याच पावसात भिजतो. आयपी६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारा) बघून घ्या. उघड्यावर बास टिकत नाही, त्यापायी पैसे घालवू नका.

अँप्लिफायर इंजिनजवळ नको, सीटखाली हवा खेळेल असा ठेवा. सोलापूरचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. आणि आवाज एवढाच, की मागच्या एसटीचा हॉर्न ऐकू यायला हवा.